पाचशे रुपयांच्या फळ्या

अहो, कानावर आलं का? स्वित्झर्लंडमध्ये म्हणे चार लाकडी फळ्यांवर उभं राहायचे पैसे घेतात! पाच फ्रँक. आपले पाचशे रुपये गेलेच समजा. आणि तिथे आहे काय? ना बाक, ना झोपाळा, ना कणसं भाजणारा. ब्रिएन्झ सरोवरात जरासा आत गेलेला लाकडी धक्का, बस्स.

गावाचं नाव इझेल्टवाल्ड. वस्ती चारशेच्या आसपास, म्हणजे आपली एखादी मध्यम सोसायटी. सुखानं नांदत होतं बिचारं. मग 2019 च्या डिसेंबरात 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन मालिका आली आणि तिच्यातला देखणा नायक याच धक्क्यावर पियानो वाजवत बसला. झालं! कोविड सरतो न सरतो तोच बसगाड्या भरभरून माणसं लोटली. पियानो शूटिंगपुरता, तो कधीच गेला, नायकही नाही. तरी रिकाम्या फळ्यांवर हृदयावर हात ठेवून फोटो! शेवटी 2023 मध्ये गावानं तिथे फिरता दांडा बसवला. पैसे भरा, आत जा, उसासा टाका, बाहेर या.

कोरियावाल्यांना हसू नका हं. आपली थेरं काय कमी आहेत? 1995 साली शाहरुख-काजोलच्या सिनेमातले राज-सिमरन तिथून फिरून आले, तेव्हापासून सानेनच्या त्या एवढ्याशा पुलावर आपलं तीर्थाटन चालू आहे. टिटलिसवर 3,020 मीटर उंचीवर शाहरुख-काजोलचा सपाट कटआउट उभा केलाय. मागे अख्खे आल्प्स, पण तिकडे पाठ! साठी ओलांडलेले काका कानटोपीसकट शाहरुखच्या खांद्यावर हात टाकतात आणि काकू मोबाइल धरून ओरडतात, "अहो, पोट आत घ्या, काजोल दिसत नाहीये!"

युंगफ्राउयोखची तर बातच सोडा. 1896 ते 1912, सोळा वर्षं डोंगर पोखरून त्या लोकांनी 3,454 मीटरवर आगगाडी नेली. ती कशासाठी, तर वर 'बॉलीवूड' नावाच्या हॉटेलात आपल्याला गरम डाळभात मिळावा म्हणून! इंटरलाकेनमध्ये 2016 पासून आपल्या सिनेमावाल्या यश चोप्रांचा पुतळाही आहे. आपण लाजायचं तरी कोणापुढे? यजमानच हार घेऊन उभे.

आणि हे स्विस दिसतात तेवढे साधे नाहीत बरं. 2017 मध्ये बेर्ग्युन नावाच्या गावानं ग्रामसभा भरवून चक्क फोटो काढण्यावर बंदी घातली. कारण ऐका: आमचं गाव इतकं सुंदर, की फोटो पाहून घरी बसलेल्यांना वाईट वाटतं! दंड किती? पाच फ्रँक. सगळी जाहिरातबाजी होती. जगभरच्या पेपरांनी बातमी छापली, अर्थातच गावाच्या फोटोसकट. तिकडे जो दंड थट्टेतला, तोच आकडा सहा वर्षांनी इझेल्टवाल्डनं खराखुरा दरपत्रकावर चढवला. कसली ही माणसं!

आमच्या काकूंचा ग्रुप मे महिन्यात निघालाय. मालिका त्यांनी दोनदा पाहिलीय, त्यामुळे धक्का यादीत पहिला. फक्त टूर मॅनेजरला विचारून ठेवलंय, एका तिकिटात नवरा-बायको दोघं चालतील ना?