कार्डाशिवाय प्रवेश नाही

आमच्या सोसायटीने सुरक्षेचा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. सर्वसाधारण सभेत खडाजंगी झाली, सिंकिंग फंडाला हात लागला आणि अखेर मुख्य दाराशेजारी एक काळी डबी बसली. कार्ड जवळ न्यायचं, 'टिक्' होतं, लाल दिवा हिरवा होतो, दार उघडतं. सुरुवातीला तर काही ज्येष्ठ सभासद काम नसताना खाली जाऊन दार उघडून येत होते.

या डबीच्या अकलेविषयी मात्र सभेत कुणी विचारलं नाही. स्वस्तातलं कार्ड म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि तिळाएवढी चिप. आत बॅटरी नाही. डबीभोवती १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड त्यात शिरलं की त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि पोपटासारखा आपला ठरलेला आकडा बोलत सुटते. विचारणारा कोण, याची तिला फिकीर नाही. लिफ्टमध्ये खेटून उभ्या असलेल्या गृहस्थांच्या पिशवीतल्या यंत्रालाही ती तोच आकडा सांगेल. असली यंत्रं ऑनलाइन मागवता येतात, कोरी कार्डंही मिळतात. डुप्लिकेट किल्ली करायची तर निदान किल्लीवाल्यासमोर उभं राहावं लागायचं, आणि तो आधी आपलं तोंड नीट निरखून घ्यायचा.

डबी तो आकडा दार उघडायचं की नाही हे ठरवणाऱ्या कंट्रोलरकडे पाठवते, बहुतेक ठिकाणी विगंड पद्धतीने. जॉन विगंड यांच्या खास तारेवर उभी राहिलेली ही पद्धत तसल्या तारेच्या जुन्या कार्डांपासून चालत आली आहे. तिची रूढ मांडणी २६ बिटांची. त्यात इमारतीच्या ओळखीला ८ बिट, म्हणजे २५६ आकडे. कार्डाला १६ बिट, म्हणजे ६५,५३६. जगातल्या सगळ्या इमारती या २५६ मध्ये बसवायच्या! दोन्ही आकडे जुळले, तर कुठल्याशा गोदामातल्या हमालाचं कार्ड आमचं दार उघडेल. वसुधैव कुटुंबकम् प्रत्यक्षात आणणारी आमचीच सोसायटी असावी.

दुसऱ्या व्हेंडरने 'फुल एनक्रिप्टेड, सर' म्हणत मायफेअर क्लासिकचं कोटेशन दिलं होतं. हे कार्ड १९९४ चं. त्याचं गुप्त गणित २००८ मध्ये नेदरलंड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी उलगडून दाखवलं. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी शोधनिबंध रोखायला कोर्टात गेली आणि हरली. व्हेंडरपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

अर्थात कार्डाची नक्कल करायचे कष्ट चोराने घ्यावेत तरी कशाला? मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं आपल्या संस्कारात बसत नाही. हातात पिशव्या दिसल्या की आपण दार धरून उभे राहतो, वर 'सावकाश या' म्हणतो. पार्सलवाल्यांच्या सोयीसाठी दुपारी उघड्या दाराला झाडाची कुंडी लावलेली असते. दार विद्युतचुंबकाने धरलेलं, त्यामुळे वीज गेली की ते सुटतं. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ही रचना योग्यच आहे. पण पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार गुरुवार, आणि आमच्या बॅकअपच्या बॅटरीने केव्हाच मान टाकलेली. गुरुवारी सोसायटी सर्वांना खुली असते.

कडक नियम आहेत ते कामवाल्या मावशींसाठी. त्यांच्या कार्डाला डिपॉझिट, वेळेचं बंधन, आणि हरवलं तर दंड. घर सोडून गेलेल्या भाडेकरूंची कार्डं मात्र अजून चालतात, कारण यादी जुन्या सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर आहे आणि जुन्या सेक्रेटरींचं नव्यांशी बोलणं नाही.

या सगळ्याचा खर्च भागवायला दोनपैकी एक वॉचमन कमी केला. जो गेला तो प्रत्येक फ्लॅटमधल्या माणसाला चेहऱ्याने ओळखत होता, कुणाचा पाहुणा कुठे जातो हे त्याला न विचारता कळायचं. सगळ्या व्यवस्थेत माणूस ओळखणारा तेवढा एकच होता, आणि आपण नेमका त्यालाच काढला.

तुमच्या सोसायटीत कोटेशन आलं असेल तर सभेत तीनच गोष्टी विचारा. कार्ड नुसता आकडा सांगतं की एईएससारखं एन्क्रिप्शन वापरून स्वतःची ओळख पटवतं? डबीपासून कंट्रोलरपर्यंतचं बोलणं उघडं की बंद? गेलेल्या माणसाचं कार्ड रद्द करायची जबाबदारी कुणाची? उत्तरादाखल 'एकदम सेफ आहे, सर' एवढंच आलं, तर चेकवर सही करू नका.