किचनवाला बंगला बुक करणाऱ्या दाजींना

ती. दाजी,



हे पत्र मी तुमच्या फोनवर पाठवू शकले असते. पण तुम्ही त्यावर एक अंगठा टाकून विषय मिटवला असता आणि संध्याकाळी ताईला विचारलं असतं, "तुझ्या बहिणीला झालंय तरी काय?" म्हणून चारचौघांत लिहिते. तुमचं नाव घेत नाही. घेण्याची गरजही नाही. शनिवारी सकाळी माळशेज चढून आमच्या ओतूरवरून आळेफाट्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत असा एखादा दाजी बसलेला असतो. हिशेबाला पक्का, बायकोच्या हाताच्या चवीचं कौतुक करणारा, आणि तिला सुट्टीत कामाला जुंपणारा.

तुम्ही पिंपरी पेंढारचा तो बंगला घेतलात तेव्हा घरच्या ग्रुपवर लिहिलं होतंत, "किचन आहे, गॅस आहे, भांडी आहेत. जेवणाचा खर्च वाचला." बारा माणसं, एक रात्र. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हाच विचारायला हवं होतं ते आता विचारते: वाचला तो कुणाचा खर्च, आणि पडला कुणावर?

हिशेब तुम्ही चोख केलात हे मला मान्य आहे. डिझेल, टोल, बंगल्याचं भाडं, पाण्याच्या बाटल्या, सगळं माणशी भागून मांडलंत. बारा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, दोनदा नाश्ता आणि अगणित चहा यांची मजुरी तेवढी तुम्ही शून्य धरलीत. त्या शून्यावर तुमची सगळी काटकसर उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचं मोल पैशात धरलंच पाहिजे असं सांगितलं. म्हणजे बाई अपघातात गेली तर तिच्या कामाची किंमत कोर्ट काढतं. ती जिवंत आहे, तुमच्या शेजारी बसून माळशेजचा घाट चढते आहे, तोवर ती काढण्याचं काम तुमचं आहे.

आता मी डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगते. शनिवारी दुपारी मी भेटायला आले तेव्हा तुम्ही सगळे ओझर-लेण्याद्री करायला गेला होतात. बंगल्यात ताई आणि तुमच्या आई, दोघीच. आईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या राहिल्या हे समजू शकते. ताईचे गुडघे उत्तम आहेत. तिला मागे ठेवलं ते मासवडीसाठी. "जुन्नर तालुक्यात आलोय तर मासवडी झालीच पाहिजे," असा हुकूम तुम्ही सकाळी चहा पिता पिता सोडला होतात.

दाजी, तुम्ही मासवडी आयुष्यभर खाल्ली. ती होताना कधी पाहिली आहे का? पाण्याला फोडणी द्यायची, आधण आलं की एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. गाठ झाली की संपलं. दणदणीत वाफ काढून गोळा ओल्या फडक्यावर ओतायचा आणि चटके बसत असतानाच थापायचा, कारण गार झाला की तो पसरत नाही, चिरतो. त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण. मग फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून, दाबून तिला धार काढायची आणि वड्या पाडायच्या. हे झालं की रस्सा: कांदा-खोबरं काळपट भाजायचं, वाटायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं. त्यानंतर भाकरी. बारा जणांच्या भाकरी!

आणि हे कुठे? तुमच्या "सगळं आहे" म्हणवणाऱ्या किचनमध्ये. दोन शेगड्या, त्यातली एक भुरभुरती. परात नाही, म्हणून पीठ पातेल्याच्या झाकणात मळलेलं. मिक्सरच्या भांड्याचं झाकण नीट बसत नव्हतं, ते ताईने तळहाताने दाबून धरलं होतं. तवा डोशाचा, काळ्या लेपाचा. त्यावर बाजरीची भाकरी फुगणार कशी? सुरी अशी की टोमॅटो चेपावा. ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं बेसनाने लाल झाली होती आणि ती नळाखाली धरून ती मला म्हणाली, "काही नाही गं, सवय आहे." घरच्या ओट्यावर डोळे मिटून हाताला लागणारं सामान इथं प्रत्येक वेळी शोधावं लागत होतं. घरी जे काम दोन तासांत उरकतं ते परक्या स्वयंपाकघरात चार तास खातं. बंगल्याच्या जाहिरातीतला किचनचा फोटो बघून हे कळत नाही. ते कळायला रोज ओट्याशी उभं राहावं लागतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2024 साली लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88. हे नेहमीच्या दिवसाचं झालं. सुट्टी म्हणजे त्या 289 मधून बाईची सुटका. तुमच्या सहलीत ती मिनिटं वाढली. मग सुट्टी कुणाला मिळाली? तुम्हाला, मुलांना, तुमच्या भावांना. ताईची फक्त बदली झाली, कल्याणच्या ओट्यावरून पिंपरी पेंढारच्या ओट्यावर.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं. सोडा घालतात, तेल कुठलं असतं कोण जाणे. आजी-आजोबा अष्टविनायकाला निघायचे तेव्हा स्टोव्ह आणि शिधा बरोबर न्यायचे, धर्मशाळेच्या ओसरीवर पिठलं-भात रांधायचे. खरं आहे. तेव्हा लेण्याद्रीच्या पायथ्याशी जेवण मिळण्याची खात्री नव्हती, खिशात पैसे नव्हते आणि सोवळ्याओवळ्याचा काच होता. त्यातली एकही अडचण तुम्हाला नाही. माळशेजपासून आळेफाट्यापर्यंत हॉटेलं लागलेली आहेत, नारायणगावला मिसळ खायला लोक वाट वाकडी करून येतात. आणि त्या धर्मशाळेच्या ओसरीवर धुरात बसलेली आजी खूश होती, असं तुम्हाला कुणी सांगितलं? आजोबांनीच ना?

हॉटेलात रोज तिन्ही वेळा खावं असं मी म्हणत नाही. बारा माणसांचं बिल मोठं होतं हे मला कळतं, लहान मुलांना तिखट सोसत नाही हेही कळतं. बिबट्यामुळे आमच्याकडे अंधार पडल्यावर उगाच बाहेर पडू नये हे तर मी स्वतःच तुम्हाला बजावलं होतं. पण हॉटेल आणि ताई यांच्या मध्ये आणखी एक वाट होती, आणि ती त्या बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर होती. गावात जेवण करून देणाऱ्या बायका आहेत. पिठलं-भाकरी, ठेचा, आमटी-भात, सांगितलं तर मासवडी. त्यांच्याकडे परात आहे, तवा आहे, चूल आहे, आणि हातात रोजची लय आहे. त्या पैसे घेतात आणि ते त्यांच्या हातात पडतात. मुंबईत प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी. रांधणं हे काम आहे आणि कामाला दाम असतो, एवढं साधं त्यामागे होतं. पन्नास वर्षं झाली त्याला. राज्य सरकारने 2018 मध्ये आमचा जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तुमच्यासारखे पर्यटक आले की गावातल्या चार घरांत पैसा यावा, ही आमची अपेक्षा. तुम्ही काय आणलंत? तांदूळ, डाळ, तेल, कणीक, बाजरीचं पीठ, कांदे, बटाटे, एवढंच काय, कोथिंबीरसुद्धा कल्याणहून!

दाजी, ओतूर-नारायणगावचा भाजीपाला इथून गाड्या भरभरून वाशीला जातो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात परराज्यांतले व्यापारी येऊन बसतात. त्याच मातीतला माल दोन दिवस शिळा करून, शहरात दुप्पट पैसे मोजून, तुम्ही घाट चढवून परत आणलात आणि त्याला काटकसर म्हणालात. त्या पिशव्या भरायला ताई शुक्रवारी रात्री किती वाजेपर्यंत जागी होती, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही झोपला होतात, पहाटे गाडी चालवायची होती म्हणून.

शनिवारी रात्रीचं चिकन तुम्ही केलंत. त्याचे फोटो मी पाहिले: तुम्ही, ती मोठी पळी, मागे जाळ. सगळे म्हणाले, दाजींच्या हाताला काय चव आहे! चव होती, मी नाकारत नाही. पण कांदा चिरून दिला ताईने, वाटण वाटलं ताईने, चिकन धुऊन हळद-मीठ लावून ठेवलं ताईने, शेजारी भाताचा कुकर लावला ताईने. तुम्ही ढवळलंत. नंतरची तेलकट भांडी रात्री साडेअकराला कुणी घासली, त्याचा फोटो कुणी काढला नाही.

आणि त्या चिकनची हाडं? ती तुमच्या भावाने कुंपणावरून पलीकडे उसाच्या कडेला भिरकावली. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला एरवीही पत्र लिहिलं असतं. पिंपरी पेंढारच्या शिवारात 2024 साली बिबट्याच्या हल्ल्यांत बायकांचे जीव गेले आहेत. शेतात कामाला गेलेल्या बायका. इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे की खरकटं टाकलं की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. तुम्ही रविवारी दुपारी काच वर करून निघून गेलात. त्या उसाच्या बांधावर सोमवारी सकाळी खुरपायला बसणारी बाई इथलीच आहे. स्वतः रांधायची हौस असेल तर खरकट्याची जबाबदारीही स्वतःचीच. बंगल्याच्या मालकाने झाकणाचा डबा ठेवला नव्हता ही त्याची चूक, पण पिशवी बांधून गाडीत ठेवायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र वेगळंच. रविवारी सकाळी तुम्ही नाणेघाटला गेलात. ताई तेव्हाही आली नाही. बारा जणांचा पोह्यांचा नाश्ता, मग परतीच्या वाटेवर खायला पोळ्या आणि बटाट्याची भाजी, मग "मालकाला भांडी स्वच्छ द्यायची आहेत". ताईने इतिहास घेऊन बीए केलंय, हे तुम्हाला आठवतं का? सातवाहनांवर आमच्या सरांनी शिकवलेलं ती लग्नानंतरही मला सांगायची. नाणेघाटच्या त्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा. कुठल्या यज्ञाला किती गाई दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण, सगळा तपशील त्यात कोरलेला आहे. एका बाईच्या नावाने केलेला जमाखर्च दोन हजार वर्षं दगडात टिकलाय, आणि त्याच्यासमोर उभं राहून तुम्ही गॉगल लावून फोटो काढलात. तो लेख काय आहे हे तुमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. ज्या एका बाईला माहीत होतं, ती तुमच्यासाठी पोळ्या लाटत होती.

मी तिला नंतर फोनवर विचारलं, का नाही गेलीस? ती म्हणाली, "मी गेले असते तर जेवणाचं कुणी बघितलं असतं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यानेच मला जास्त राग आला.

स्वयंपाकाला माझा विरोध नाही. सहलीत एकत्र रांधण्यासारखी मजा नाही, पण त्यात एकत्र हा शब्द खरा असावा लागतो. मटार सोलायला पोरं, कांदा चिरायला तुमचे भाऊ, भांडी तुमच्याकडे आणि ताई बाजेवर पुस्तक घेऊन, असं एक जेवण करून बघा. खिचडी करा, जळली तरी खाऊ आम्ही. बाकीची जेवणं गावातून सांगा. एखाद्या दुपारी हॉटेलात बसा आणि मेनूकार्ड आधी ताईच्या हातात द्या. तिला काय आवडतं हे तुम्हाला सांगता येईल का, हेही त्या निमित्ताने कळेल.

दिवाळीनंतर पुन्हा याच बंगल्यावर यायचं तुमच्या मनात आहे असं ऐकलं. जरूर या. माझ्या ओळखीच्या बायकांशी मी बोलून ठेवलंय. मासवडी हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावं लागतं, माणसं नक्की सांगावी लागतात, आणि ऐन वेळी दोन ताटं कमी करून चालत नाही. पैसे त्यांच्या हातात, तिथल्या तिथे. भाजी आणू नका, आळेफाट्याला गाडी थांबवा. झाकणाचा डबा मी घरून देते. आणि नाणेघाटला रविवारी सात वाजता निघायचं ठरवा, ऊन चढायच्या आत. ताई पुढच्या सीटवर बसेल. लेख ती वाचून दाखवेल, तुम्ही फक्त ऐका.

तुमची मेहुणी,
ओतूर