पोतडीत काय, देवाला ठाऊक

लोककथांतली खाऊ वाटणारी मंडळी फार हिशेबी असतात. युरोपातला संत निकोलस मुलांच्या वागणुकीची वर्षभर नोंद ठेवतो. ऑस्ट्रियात तर त्याच्या जोडीला शिंगं असलेला क्राम्पुस हिंडतो, म्हणजे शहाण्याला खाऊ आणि व्रात्याला छडी असा रोखठोक कारभार. १९९९ साली जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांनी ही परंपरा उचलली आणि तिच्यातली चोपडी तेवढी फेकून दिली. त्यातला डेलिबर्ड हा पेंग्विनच्या अंगलटीचा लाल-पांढरा पक्षी. त्याच्या पाठीवर पोतं दिसतं, ते खरं तर त्याचं शेपूट. त्याला उपजत विद्या एकच, ती म्हणजे लढाईत समोरच्याला भेट देणं. माझं म्हणणं असं, की यच्चयावत दात्यांमध्ये भेटवस्तूचं मर्म कळलंय ते या एकट्या पाखराला.

पुरावा त्याच्या खोक्यातच आहे. ते फेकलं की ४० टक्के वेळा ४० ताकदीचा स्फोट होतो, ३० टक्के वेळा ८० ताकदीचा आणि १० टक्के वेळा थेट १२० चा. उरलेल्या २० टक्के वेळा मात्र शत्रूची पाव तब्येत सुधारते. प्रतिस्पर्धी धापा टाकतोय, आता एकच घाव पुरे, आणि आपला वीर त्याला टॉनिक पाजून परत येतो! देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याच्या पदरी पडणारं फळ यांचा काडीचा संबंध नसतो, हे लग्नात पाचवं भिंतीवरचं घड्याळ स्वीकारणाऱ्या नवरा-नवरीला वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, ही कसली भेट, हा तर बॉम्ब. पण निव्वळ वैर असतं, तर त्यात औषधाचा वाटा कशाला ठेवला असता? दुसरा म्हणेल, प्रोग्रॅमरने केलेली थट्टा आहे, तत्त्वज्ञान कसलं शोधता? तर खेळातल्याच पोकेडेक्सची, म्हणजे तिथल्या प्राणिकोशाची, साक्ष काढू. कड्याच्या टोकावर घरटं बांधून हा पक्षी दिवसभर पिल्लांसाठी अन्न वाहतो. वाट चुकलेली माणसंही त्याच्या शिदोरीवर तगल्याच्या गोष्टी आहेत. म्हणजे पिल्लाला किंवा भुकेल्याला काय हवं, ते त्याला नेमकं कळतं. गरज ठाऊक नसलेल्या परक्याला द्यायची वेळ आली, की तो आपल्यासारखाच अंदाजपंचे खोकं बांधतो. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: याच्या साऱ्या मूळ गुणांची बेरीज अवघी ३३०, त्यात हत्यार असं बेभरवशाचं, शहाणा खेळाडू त्याला संघात घेत नाही. कबूल. पण हमखास फळाची खात्री असेल तरच द्यायचं, याला गुंतवणूक म्हणतात. आणि वर्षभर नीट वागल्याबद्दल डिसेंबरात जे हातावर पडतं, त्याला भेट नव्हे, बोनस म्हणतात.