चाळीस वर्षांचा भरवसा

तळोजा एमआयडीसीत पहिल्या पाळीआधी टपरीवर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं कंत्राटदाराच्या गाडीची वाट बघत असतात. परवा एकाच्या पाठीला कॉलेजचीच सॅक होती. आत वह्या नव्हत्या. डबा आणि सेफ्टी शूज होते. बारावी झालाय. पुढं शिकणार नाहीस का, विचारलं. म्हणाला, "तीन-चार वर्षं कोण थांबणार?"

त्याला आळशी म्हणू नका. शिक्षण म्हणजे आज भरायची फी आणि पुढं चाळीस वर्षं मिळणारं फळ. ती चाळीस वर्षं धडधाकट जातील असा भरवसा असेल तरच घर पोटाला चिमटा काढून फी भरतं.

श्रीलंकेत हे मोजलं गेलंय. 1946 ते 1953 या काळात तिथं बाळंतपणात दगावणाऱ्या बायका झपाट्यानं कमी झाल्या. सीमा जयचंद्रन आणि आद्रियाना येरास-म्यूनी या अर्थतज्ज्ञांनी 2009 साली हिशेब मांडला : मुलींचं अपेक्षित आयुष्य एका वर्षानं वाढलं, की त्यांचं शालेय शिक्षण सरासरी 0.11 वर्षानं वाढलं. पोरगी जगणार याची खात्री पटली, तसे आईबाप तिला शिकवू लागले.

आपल्याकडं स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान जेमतेम 32 होतं, आज सत्तरीच्या घरात आहे. पण सरासरी कुणाच्या घरी राहायला येत नाही. तळोज्याचंच बघा. इथं ऑगस्ट 2017 मध्ये कारखान्याच्या रंगानं भटकी कुत्री निळी झाली, तेव्हा कुठं एक कारखाना बंद झाला. कासाडी नदीच्या नासलेल्या पाण्यासाठी मच्छीमारांना हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं. ज्या घरातला कर्ता माणूस पंचेचाळिशीत दमेकरी होऊन खाटेला टेकला, त्या घरातल्या पोराला चाळीस वर्षांचं गणित कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून मागणी सरळ आहे. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याची दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असं कायदाच सांगतो. ती कंत्राटी कामगाराचीही करा आणि रिपोर्ट त्याच्या हातात द्या. कासाडी स्वच्छ करा. हा खर्च शिक्षणाच्याच खात्यात मांडा.

गाडी आली. सॅक पोटाशी धरून तो मागच्या फळीवर चढला. पुढच्या जूनमध्ये त्याच सॅकेत वह्या असायला हव्यात.