विमानांचा लातूर पॅटर्न

मुंबईच्या आभाळात आता पाय ठेवायला जागा नाही. विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी वापरायची एकच. २०२४च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनेच सांगितलं, की विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतात आणि त्यात एकेक विमान १.७ ते २.५ किलोलीटर इंधन फुंकतं. मग गर्दीच्या तासातल्या फेऱ्या ४६वरून ४४वर आणल्या. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईतूनही विमानं सुटू लागली, आणि एकाची उतरायची वाट दुसऱ्याच्या चढायच्या वाटेत येऊ नये, ही नवी डोकेदुखी हवाई वाहतूक नियंत्रकांच्या माथी आली. लंडनच्या हीथ्रोवरही घिरट्या चुकत नाहीत. तिथे चार ठिकाणी विमानं एकावर एक फिरवत ठेवतात आणि नंबर लागेल तसं खाली सोडतात.

आभाळातली ही कोंडी सोडवणाऱ्या तज्ज्ञांनी एकदा लातूरला यावं.

दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीवर नाव कोरलेल्या लातूरने हवाई कोंडीवरही अक्सीर पॅटर्न काढला आहे: प्रवासी विमान येऊच द्यायचं नाही. धावपट्टी आहे, इमारत आहे. घिरट्या शून्य, उशीर शून्य, इंधनाची नासाडी शून्य. अधूनमधून एखाद्या पुढाऱ्याचं विमान उतरतं, तेवढंच गालबोट. २००९ साली लातूर-नांदेडसह राज्यातले पाच विमानतळ ९५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे दिले गेले. ९५ वर्षांत एखादं विमान येईलच, असा हिशेब असावा.

गर्दीशी दोन हात लातूरकर जमिनीवरच करतात. २०१७मध्ये लातूर-मुंबई रेल्वेगाडी बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा इथे आंदोलन पेटलं होतं.

नांदेडने मात्र शिस्त पाळली नाही. २००८च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी विमानतळ सजला, किंगफिशर आली. पुढे ती कंपनीच बसली. २७ एप्रिल २०१७ला पंतप्रधानांनी सिमल्याहून ‘उडान’ या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेला हिरवा झेंडा दाखवला आणि ट्रूजेटचं हैदराबाद विमान सुरू झालं, २०२२मध्ये तेही थांबलं. २०२४मध्ये स्टार एअर आली. नांदेडकर तिकीट काढताना आधी भाडं बघत नाहीत, कंपनी प्रवासाच्या तारखेपर्यंत टिकेल का ते बघतात.

मुंबईवरच्या वाटा आखणाऱ्या साहेबांना एकच विनंती: एक रेघ लातूरकडेही ओढा, पेन्सिलीने ओढली तरी चालेल. सकाळचं एक विमान पुरे. वाटेत आडवं यायला इथे दुसरं विमानच नाही.