गप्प सावत्र भावाची बाजू

दुसरं लग्न झालेल्या घरात पहिलं वर्षभर पाहुण्यांचा राबता जरा जास्तच असतो. घनसावंगी तालुक्यात तर कुंभार पिंपळगावची आत्या आणि तीर्थपुरीची मावशी एकाच आठवड्यात ‘सहज’ येऊन जातात. येण्याचं कारण उघड आहे. इकडची लेकरं आणि तिकडची लेकरं एका छताखाली आली, म्हणजे काहीतरी पेटणार, आणि पेटल्यावर समजूत घालायला कुणीतरी मोठं माणूस हवंच. धाकटी मंडळी पाहुण्यांना निराश करत नाहीत. रबर बांधून जगवलेल्या एका चार्जरवरून दोन्ही पक्षांचं महायुद्ध रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी होतं. घोटाळा करतो तो पंधरा-सोळा वर्षांचा थोरला. तो येतो, जेवतो, ताट उचलून मोरीत ठेवतो आणि वही उघडून बसतो. नव्या आईला तो आई म्हणत नाही, काकू म्हणत नाही, खरं तर हाकच मारत नाही; समोर येऊन उभा राहतो, तिनं काय ते ओळखायचं. तिला ते ओळखताही येतं. पण एवढ्यानं पाहुण्यांचा हिरमोड होतो आणि चहाच्या दुसऱ्या कपाला निदान बाहेर पडतं : “गप हाय म्हंजे आतून कायतरी शिजतंय.” माझं म्हणणं असं की काहीही शिजत नाही. त्या घरात ज्याचं डोकं ठिकाणावर आहे असा तो एकटाच, आणि नेमकी त्याचीच चौकशी चालू आहे.

आता हा संशय अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. गप्प बसलेल्या पोराबद्दल सावध राहण्याचं ऐतिहासिक कारण आमच्या तालुक्याकडं आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब इथलंच. १६०८ साली जन्मलेला ठोसरांचा नारायण एकदा अडगळीच्या खोलीत गुपचूप जाऊन बसला, आईनं विचारलं तर जगाची काळजी करतोय म्हणाला, आणि बाराव्या वर्षी ‘सावधान’ कानावर पडताच बोहल्यावरून पसार झाला, ही कथा सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली. तेव्हा कोपऱ्यातलं शांत पोरगं बघून आत्याच्या पोटात गोळा येणं समजू शकतं. पण पुरावा नीट तपासला तर तो आत्याच्याच अंगलट येतो. एक तर नारायणाला भाऊ होता तो सख्खा, थोरला गंगाधर. सावत्रपणाचा तिथं संबंधच नाही. दुसरं म्हणजे तो पळाला तो शांत होता म्हणून नव्हे, तर बाराव्या वर्षी मोठ्यांनी त्याच्या कपाळाला बाशिंग बांधलं म्हणून.

शिजतंय म्हणणाऱ्यांच्या मनात शेवटी असते ती जमीन. मोसंबीची बाग, कपाशीचं रान, सामाईक विहिरीतली पाळी. ठीक आहे, मग हिशेबच करू. पोरगा नव्या आईबरोबर आलेला असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार सावत्र बापाच्या मिळकतीत त्याला पोटच्या मुलासारखा वाटा मिळत नाही. बापानं मृत्युपत्रात काही लिहिलं तर गोष्ट वेगळी. तो बापाचाच आधीचा पोरगा असेल, तर वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हक्क जन्मापासूनचा आहे, आणि नवी आई सोबत दोन लेकरं घेऊन आली म्हणून तो पुसला जात नाही. म्हणजे पहिल्याला कट करून मिळण्यासारखं काही नाही आणि दुसऱ्याला कट करायची गरज नाही. यावर कुणी म्हणेल, शाळकरी पोराला कायदा कुठला कळतो? कळतो. ज्या मुलुखात बैठकीतल्या दर तिसऱ्या वाक्यात गट नंबर येतो, तिथल्या पोराला सातबारा वाचायला शिकवावं लागत नाही. तो शांत आहे याचा अर्थ त्यानं हिशेब करून झालाय. बोंब मारतात ते ज्यांचा अजून व्हायचाय.

अशा शांत सावत्र भावाचं इतिहासातलं मोठं उदाहरण घ्यायचं तर राजाराम महाराजांचं. एप्रिल १६८० मध्ये शिवाजीमहाराज गेल्यावर सोयराबाईंच्या पक्षानं दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. दोन-तीन महिन्यांत संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेतला. या उलथापालथीत सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते, म्हणजे राजारामांचे मामा, संभाजीराजांच्या बाजूनं उभे राहिले; पुढं याच मामांची लेक ताराबाई राजारामांची राणी झाली. एवढं नातं नुसतं कागदावर मांडायचं तरी माणसाला दम लागतो, ते जगणाऱ्या पोरानं त्यावर मत ते काय द्यावं? सगळी कारस्थानं मोठ्यांची होती. मग १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेले, तेव्हा स्वतःचा मुलगा शाहू असताना येसूबाईंनी गादीवर बसवायला सांगितलं ते या सावत्र दिराला, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी. मधल्या नऊ वर्षांत या दिराबद्दल त्यांची खात्री पटली नसती तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. रियासतकार सरदेसाईंनी तर आपल्या खंडाच्या नावातच राजारामांना ‘स्थिरबुद्धी’ म्हटलंय. जिंजीच्या वेढ्यात ती स्थिर बुद्धी किती उपयोगी पडली हे वेगळं सांगायला नको.

“राजघराण्याचं सांगू नका,” असं कुणी म्हणेल, म्हणून मध्यमवर्गीय घर घेतो. रघुनाथ धोंडो कर्वे १८८२ चे. १८९१ मध्ये आई राधाबाई गेल्या, १८९३ मध्ये वडिलांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडच्या गावकीनं बहिष्कार घातला. अख्खं गाव ओरडत असताना, एकामागून एक सावत्र भाऊ पाळण्यात येत असताना, हा पोरगा १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. घरात गोंधळ असला की अभ्यास होत नाही, ही सबब त्या दिवशी कायमची बाद व्हायला हवी होती. आत्या इथं टाळी वाजवेल : बघा, पुढं याच माणसानं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून सगळ्या महाराष्ट्राला घाम फोडला की नाही? फोडला. १९२७ पासून १९५३ पर्यंत फोडत राहिले, कोर्टाच्या पायऱ्याही चढले. पण हे भांडण समाजाशी होतं. घरात वाटणीवरून भांडायचं म्हटलं तर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्यासाठी शिल्लक काही ठेवलंही नव्हतं, हा भाग अलाहिदा.

आणखी एक आक्षेप जरा हळव्या मंडळींचा : भांडत नाही म्हणजे माया नाही. ध्रुवाच्या गोष्टीत मांडीवर बसलेल्या उत्तमाकडं कुणाचं लक्ष जात नाही. त्या प्रकरणात तो अवाक्षर काढत नाही. जे बोलायचं ते त्याची आई सुरुची बोलते. भागवतात पुढं शिकारीला गेलेल्या उत्तमाला यक्षानं मारलं, तेव्हा यक्षांवर चालून गेला तो ध्रुव. अढळपद मागायला निघालेल्या माणसाला सावत्र भावासाठी युद्ध करावंसं वाटलं, ही माया नाही तर काय?

राहिला एकच आक्षेप, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. पोरगा शांत नसून आतून दुखावलेला असला तर? असू शकतो. दोन संसार एक झाले की भांडीही एक होतात. मांडणीवर निरनिराळ्या आडनावांची ताटं उभी राहतात, त्यातच एखाद्यावर कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ असं यंत्रानं कोरलेलं असतं. घाईत कुणाच्याही पुढ्यात कुठलंही ताट येतं. ते ताट याच्यापुढं आलं, त्यानं भाजी नेमकी त्या अक्षरांवर वाढून घेतली आणि जेवला, तर त्याला काय वाटलं हे मला सांगता येणार नाही, आणि चहा प्यायला आलेल्या पाहुण्यांना तर नाहीच नाही. ते बघायला घरातली माणसं आहेत. जेवण तुटलं, झोप उडाली, शाळा बुडायला लागली तर त्यांना कळेल, आणि त्यांनी त्याला जवळ बसवून एकदा विचारावं. आठ जणांनी आठ वेळा विचारू नये.

तेव्हा मावशी, आत्या आणि इतर समस्त मंडळी, या दिवाळीला जाल तेव्हा त्या पोराला “करमतं का रे इथं?” असं विचारू नका. न्यायचंच असेल तर एक नवा चार्जर न्या.