किडेवाले नाना

घरात झुरळ दिसलं की सगळे चप्पल शोधतात, आमच्या सोसायटीतले नाना चष्मा शोधतात. "मारू नका हो, आधी बघू तरी कोण आहे!"

बँकेतून निवृत्त झाल्यापासून नानांच्या एका खिशात बॅटरी आणि दुसऱ्यात भिंग असतं. कोणाच्याही ओट्याखाली ते बिनदिक्कत डोकं घालतात आणि आतूनच निकाल सांगतात. "बारीक, पिवळट, पाठीवर मानेशी दोन काळ्या रेघा. जर्मन! मोरीच्या जाळीतून येतं ते बोटाएवढं लालसर, ते अमेरिकन. जाळी नीट बसवलीत की बरंचसं थांबेल. हा जर्मन मात्र मुक्कामालाच येतो. मादी अंड्यांची पेटी पोटाला लावून हिंडते, एका पेटीत 30-40 पिल्लं." नाव जर्मन असलं तरी त्याचे पूर्वज सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूचे, असं 2024 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून निघालं, हे सांगताना नानांचा ऊर भरून येतो.

इथवर ठीक असतं. पण नाना किडा ओळखता ओळखता घरही ओळखतात. "रात्री कढई तशीच राहते वाटतं, सूनबाई?" सूनबाई लाल, सासूबाई प्रसन्न. प्राध्यापकांच्या कपाटात कसर सापडली तेव्हा "पुस्तकं फारशी उघडली जात नाहीत" एवढंच म्हणाले. प्राध्यापक आता जिन्यात भेटले तरी खाली बघतात. दाराच्या चौकटीवर नाना बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि पोकळ आवाज आला की कोपऱ्यातली मातीची बारीक नळी दाखवतात. रंगाचा ओघळ म्हणून घरच्यांनी इतके दिवस सोडून दिलेली ती वाळवी असते.

ढेकणांची गोष्ट आणखी नाजूक. तो शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. "डास चावतात हो फार," असं म्हणून नानांना बोलावलं जातं. नाना गादीची शिवण उलगडून त्यावरचे काळे ठिपके दाखवतात. ढेकूण स्वच्छ घरातही होतात, प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या सोफ्यातून येतात, हा खुलासाही त्यांच्याकडे असतो. पण तो चहा झाल्यावर, चपला घालताना.

उपाय सांगण्यात मात्र नाना कच्चे नाहीत. बिजागऱ्यांपाशी जेलचे ठिपके लावायचे आणि त्यावर स्प्रे मारायचा नाही, नाहीतर झुरळं ते खाणारच नाहीत. तिसऱ्या मजल्यावर हे ठिपके लावले, आणि दुसऱ्याच दिवशी दिवाळीची साफसफाई म्हणून ओल्या फडक्यानं लख्ख पुसले गेले. नाना दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात.

परवाच्या सभेत त्यांनी ठराव मांडला. पाइप सगळ्यांचे एकच, एका घरात औषध मारलं की झुरळं शेजारी सरकतात, तेव्हा सगळ्या घरांत एकाच दिवशी काम करू. ठराव बिनविरोध पडला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "आमच्याकडे नाहीतच. शेजारून येत असतील तर बघा."

त्याच रात्री साडेनऊनंतर नानांची बेल वाजू लागली. एकेक जण इकडेतिकडे बघत आत शिरे आणि पदराआडून, लुंगीच्या घडीतून काडेपेटी पुढे करी. नानांनी टेबलावर जागा केली, भिंग पुसलं आणि म्हणाले, "घोटाळा नको. पेटीवर आपापला फ्लॅट नंबर लिहा."